पिटकुळीवरचे शेपटीवाले लहान फुलपाखरू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरून ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की गोव्यातील फोंडा, डिचोली, सत्तरी, सांगे अशा भागांतील परिचितांकडून जवळजवळ एकसारखेच फोटो येऊ लागतात. अंगणातील लाल फुलांचे झुडूप, त्याच्या पानावर नखाएवढे तपकिरी फुलपाखरू, आणि त्याच्या पंखांच्या टोकाला धाग्यासारख्या शेपट्या. त्यासोबत जे प्रश्न येतात, ते पुन्हा पुन्हा तेच असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरे त्या एकाच फुलपाखरापुरती आहेत आणि काही त्याच्या भाऊबंदांनाही लागू पडतात.

हे फुलपाखरू कोणते आहे?

झुडूप पिटकुळीचे असेल, म्हणजे ज्याला काही ठिकाणी रुक्मिणी आणि रोपवाटिकेत एक्झोरा म्हणतात ते असेल, फुलपाखराच्या मागच्या प्रत्येक पंखाला तीन शेपट्या असतील आणि पंख मिटल्यावर तपकिरी पृष्ठभागावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघांची नक्षी दिसत असेल, तर ते बहुतेक ‘मंकी पझल’ असते. त्याचे शास्त्रीय नाव रथिंडा अमोर. डेन्मार्कचे कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिस्तियान फाब्रिसियस यांनी १७७५ मध्ये या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. रथिंडा या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ही एकच जात आहे, त्यामुळे तिला अगदी जवळचे भावंड नाही. ही गोष्ट ओळखणाऱ्याच्या पथ्यावर पडते, कारण नक्षी एकदा नीट पाहिली की दुसऱ्या कशाशी गल्लत होण्याचा संभव फारसा उरत नाही.

कोंकणीत सगळ्याच फुलपाखरांना पिसोळें म्हणतात. गावातील वडीलधाऱ्या मंडळींना ‘पिटकुळीवरचें पिसोळें’ एवढे सांगितले, तरी अनेकदा ते नेमके याच फुलपाखराकडे बोट दाखवतात.

लहान म्हणजे नेमके किती लहान?

मंकी पझलचे पंख पूर्ण उघडले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे २६ ते २८ मिलिमीटर भरते. पंख मिटून बसलेले असताना ते त्याच्या निम्म्याहूनही लहान दिसते, म्हणून पाहणाऱ्याचा अंदाज नेहमी चुकतो. तुलनेसाठी, गोव्याच्या जंगलात दिसणारे सदर्न बर्डविंग हे मोठे फुलपाखरू १४० ते १९० मिलिमीटरचे असते, तर गवतात जमिनीलगत उडणारे ग्रास ज्युएल अवघे १५ ते २२ मिलिमीटरचे असते. फोटोवरून आकार सांगता येत नाही; शेजारी पिटकुळीचे पान किंवा कळी दिसत असेल तर मात्र अंदाज बांधता येतो.

ते पतंग नाही, हे कशावरून?

मिश्यांवरून. फुलपाखराच्या मिश्यांचे टोक आगकाडीच्या गुलासारखे जाड असते. पतंगाच्या मिश्या बहुधा दोऱ्यासारख्या निमुळत्या किंवा पिसासारख्या असतात. रंग भडक की मळकट, किंवा ते दिवसा उडते की रात्री, यावरून केलेला निर्णय भरवशाचा नसतो. दिवसा उडणारे रंगीत पतंग गोव्यात भरपूर आहेत, आणि संध्याकाळी दिव्याजवळ येऊन बसणारी फुलपाखरेही आहेत.

ओळखण्यासाठी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, आणि कोणत्या क्रमाने?

बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात आणि तेथेच फसतात. लहान फुलपाखरांच्या ज्या मोठ्या कुळात मंकी पझल मोडते, त्या लायसिनिडी कुळात जगातील फुलपाखरांच्या एकूण जातींपैकी जवळजवळ एकतृतीयांश जाती येतात. त्यांतील अनेकांची वरची बाजू निळी आणि खालची राखाडी-तपकिरी असल्यामुळे ‘निळे होते’ एवढे सांगून काहीच हाती लागत नाही. शिवाय नराचा निळा रंग मादीत अनेकदा नसतो किंवा अगदी थोडा असतो.

आधी ते काय करते आहे, हे पाहावे. बसल्याबरोबर ते पानावर गर्रकन वळले का, बाजूला चार पावले सरकले का, मिटलेले मागचे पंख एकमेकांवर आळीपाळीने घासत राहिले का? मंकी पझल हे सारे करते आणि इतक्या ठसठशीतपणे करते की ओळखीसाठी पंखांवरील नक्षीइतकाच या हालचालीचा उपयोग होतो. त्याचे उडणे मंद आणि फडफडते असते. ते एका झुडपावरून उठून बहुधा त्याच झुडपाच्या दुसऱ्या पानावर जाऊन बसते.

त्यानंतर झाड पाहावे. लहान फुलपाखरांच्या बाबतीत झाडाचे नाव कळणे म्हणजे अर्धी ओळख पटणे होय, कारण मादी अंडी घालण्यासाठी ठरावीक वनस्पतींवरच येते. पिटकुळीवर मंकी पझल, आंबुशीच्या आसपास पेल ग्रास ब्लू, चित्रकावर झेब्रा ब्लू, लिंबाच्या कोवळ्या पालवीवर लाइम ब्लू, पानफुटीवर रेड पिएरो, अशी एक यादी हळूहळू मनात तयार होते.

मग शेपट्या मोजाव्यात आणि सर्वांत शेवटी पंखांच्या खालच्या बाजूची नक्षी पाहावी. खालची बाजू म्हणण्याचे कारण असे की ही फुलपाखरे बसताना पंख मिटतात आणि आपल्याला तीच बाजू दिसते. वरची बाजू सकाळी ऊन खाताना थोडा वेळ दिसली तर दिसते. मंकी पझलची वरची बाजू गडद तपकिरी असून पुढच्या पंखावर पांढरा डाग असतो.

शेपट्या असलेली इतर लहान फुलपाखरे कोणती, आणि ती वेगळी कशी ओळखावीत?

सर्वांत जास्त गल्लत सिल्व्हरलाइनशी होते. त्याच्या फिकट पिवळसर पंखांवर लालसर-तपकिरी कडा असलेले पट्टे असतात आणि त्या पट्ट्यांच्या मधोमध चांदीच्या तारेसारखी चकाकणारी रेघ धावते. मागच्या पंखाच्या टोकाशी नारिंगी डाग आणि दोन शेपट्या असतात. त्याचे उडणे झपाट्याचे असते, मंकी पझलसारखे रेंगाळणारे नसते.

यामफ्लाय संपूर्ण नारिंगी असते आणि त्याच्या मागच्या पंखाला एकच, तुलनेने रुंद शेपटी असते. त्याच्या अळ्या कणग्यासारख्या कंदांच्या वेलांवर आणि घोटवेलीवर वाढतात, म्हणून कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला ते हमखास दिसते. कॉमन इंपिरियल याहून मोठे असून त्याची पांढरी शेपटी शरीराच्या मानाने इतकी लांब असते की ते उडताना मागे दोरा लोंबत असल्याचा भास होतो. पी ब्लू, ग्रॅम ब्लू, सेरुलियन यांना केसासारखी एकेक बारीक शेपटी असते आणि ती लवकर तुटते. त्यामुळे ‘शेपटी नव्हती’ हा पुरावा कधीच पक्का मानू नये.

या शेपट्या कशासाठी असतात?

पक्षी, सरडा किंवा उडी मारणारा कोळी भक्ष्यावर झडप घालताना बहुधा डोक्याचा वेध घेतो. डोके हाती लागले की भक्ष्य संपले, आणि ते कोणत्या दिशेला पळणार याचा अंदाजही डोक्यावरूनच येतो. लायसिनिडी कुळातील अनेक फुलपाखरांनी या सवयीचाच फायदा उठवला आहे. त्यांच्या मागच्या पंखाच्या टोकाशी काळा ठिपका असतो, तो डोळा वाटतो. त्याच्या शेजारून निघालेल्या शेपट्या मिश्या वाटतात. पंखाची ती कड अनेकदा किंचित बाहेर वळलेली असल्यामुळे तेथे डोक्यासारखा उठाव दिसतो, आणि कित्येक जातींत पंखांवरील रेघाही त्या टोकाकडे धावतात, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर आपोआप तिकडे ओढली जाते.

मात्र चित्र नुसते स्थिर राहिले तर ते फार काळ फसवू शकणार नाही. फसवणूक पुरी होते ती हालचालीने. मागचे पंख एकमेकांवर घासले की शेपट्या वरखाली हलतात आणि खऱ्या मिश्यांसारख्या दिसतात. त्याच वेळी फुलपाखरू खऱ्या मिश्या जवळजवळ निश्चल ठेवते. मंकी पझल पानावर उतरताच वळते, म्हणजे ज्या दिशेला ते उडत चालले होते तिकडे आता त्याचे खोटे तोंड होते. मारेकऱ्याने झडप घातली की त्याच्या चोचीत पंखाचा एक तुकडा येतो आणि फुलपाखरू त्याच्या अपेक्षेच्या नेमके उलट दिशेला निसटते. पंखाच्या त्या कोपऱ्यात जिवाला धोका पोहोचेल असे काहीच नसते, म्हणून तेवढा तुकडा गमावणे फुलपाखराला परवडते.

माकडालाही कोडे पडावे अशा अर्थाचे इंग्रजी नाव या फुलपाखराला का मिळाले असावे, ते या गोंधळावरून ध्यानात येते.

एक गोष्ट येथे विशेष सांगण्यासारखी वाटते. जोरात उडणाऱ्या फुलपाखराला वेगाचा आधार असतो, आणि कडू फुलपाखराला चवीचा. मंकी पझलचे उडणे दुबळे आहे आणि ते एकाच झुडपावर घुटमळत राहते. त्याच्या जगण्यात या बनावट डोक्याचे महत्त्व म्हणूनच अधिक असावे, असे प्रस्तुत लेखकाला त्याच्या वागण्यावरून वाटते.

बनावट डोक्याची ही गोष्ट सिद्ध झालेली आहे, की तो केवळ तर्क आहे?

तर्क जुना आहे, पण त्याच्या बाजूने पुरावाही जमला आहे. अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्स यांनी १९८१ मध्ये लॅटिन अमेरिकेतील या कुळाच्या फुलपाखरांच्या फाटलेल्या पंखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जातींच्या पंखांवर बनावट डोक्याची लक्षणे अधिक स्पष्ट होती, त्यांच्यात मागच्या टोकाला इजा झालेल्या फुलपाखरांचे प्रमाणही अधिक आढळले. २०१३ मध्ये फ्लोरिडातील आंद्रेई सूराकोव यांनी उडी मारणाऱ्या कोळ्यासमोर बनावट डोके असलेले एक लहान फुलपाखरू सोडून पाहिले, तेव्हा कोळी वारंवार मागच्या टोकावर झेप घेत राहिला आणि फुलपाखरू वारंवार निसटत राहिले. बनावट डोके नसलेली इतर फुलपाखरे व पतंग मात्र त्या कोळ्याने मारले.

तरीही एक सावधगिरी बाळगावी लागते. फाटक्या पंखाचे जे फुलपाखरू आपल्याला दिसते, ते वाचलेले असते. ज्यांच्या खऱ्या डोक्यावरच घाव बसला ती दिसण्यासाठी उरतच नाहीत, म्हणून नुसते फाटके पंख मोजून ही युक्ती किती वेळा फसली ते कळत नाही. कोळ्यासमोरच्या प्रयोगाचे मोल याच कारणाने अधिक आहे, कारण तेथे यश आणि अपयश दोन्ही डोळ्यांदेखत घडते.

फोटोतील फुलपाखराच्या मागच्या पंखाचा तुकडा गेलेला आहे. ते आजारी आहे का?

नाही. दोन्ही मागच्या पंखांचा सारखाच तुकडा सारख्याच जागी तुटलेला असेल, तर पंख मिटलेले असताना एखाद्या पक्ष्याने किंवा सरड्याने तो एका घासात ओढला, असा त्याचा सरळ अर्थ होतो. एकाच बाजूची कड झिजलेली असेल तर काट्याकुट्यांत अडकूनही तसे होऊ शकते. पंखांचा रंग उडून ते पारदर्शक होत चालले असतील, तर ते वयाचे लक्षण आहे. तुटलेला पंख पुन्हा वाढत नाही, पण फुलपाखरू उडते, खाते आणि अंडी घालते. त्याला घरात आणून जपण्याची आवश्यकता नसते.

त्याच्या पंखांची भुकटी विषारी असते का? डोळ्यात गेल्यास इजा होते का?

ही समजूत अनेक घरांत लहानपणापासून सांगितली जाते. ती भुकटी म्हणजे पंखांवरील सूक्ष्म खवले होत, आणि रंग त्यांच्यामुळेच दिसतो. ते विषारी नसतात. डोळ्यात गेल्यास कोणत्याही धुळीइतकाच त्रास होईल आणि पाण्याने डोळे धुतल्यावर तो थांबेल. मंकी पझल चावतही नाही, कारण चावण्यासाठी लागणारे जबडे त्याच्याजवळ नसतात. मध शोषणारी गुंडाळलेली सोंड तेवढी असते.

खवले सहज निखळतात हाही एक बचावच आहे. कोळ्याच्या चिकट जाळ्यात एखादी माशी सापडली तर ती तेथेच अडकून बसते, पण फुलपाखराचे किंवा पतंगाचे खवले जाळ्याला चिकटून राहतात आणि ते स्वतः अनेकदा घसरून सुटते. पहाटे अंगणातील जाळ्यावर पंखाच्या आकाराची पुसट भुकटी दिसली, तर रात्री तेथून कोणीतरी सुटले, असे समजण्यास हरकत नाही.

सारखीच दिसणारी निळी फुलपाखरे गवतात असतात. ती ओळखता येतात का?

येतात, पण त्यासाठी चिकाटी लागते. हिवाळ्यातील सकाळी देवळाच्या प्राकारातील हिरवळीवर किंवा शेताच्या बांधावर घोट्याच्या उंचीने जी उडतात, त्यांत पेल ग्रास ब्लू, डार्क ग्रास ब्लू, लेसर ग्रास ब्लू आणि टायनी ग्रास ब्लू या चार जाती नेहमी असतात. यांना शेपटी नसते. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, पंखाच्या मध्यभागाच्या अलीकडे शरीराकडच्या अंगास एक सुटा ठिपका दिसला तर पेल किंवा डार्क ग्रास ब्लूचा विचार करावा. तो नसेल तर लेसर ग्रास ब्लूचा. टायनी नावाप्रमाणेच अगदी बारीक असते. जवळून काढलेला स्पष्ट फोटो नसेल, तर ‘ग्रास ब्लू’ एवढ्यावरच थांबणे हाच प्रामाणिकपणा आहे.

एका अळीभोवती मुंग्या जमल्या आहेत. त्या तिला खात आहेत का? त्यांना हाकलावे का?

हाकलू नये. प्रथम नीट पाहावे. मुंग्या अळीला ओढत, चावत किंवा उचलून नेत असतील तर ती शिकार आहे. पण त्या मिश्यांनी तिच्या पाठीवर हलकेच थोपटत तिच्याभोवती फिरत असतील, तर बहुधा त्या तिच्या राखणदार आहेत.

लायसिनिडी कुळातील ज्या जातींची जीवनकहाणी माहीत आहे, त्यांच्यापैकी सुमारे तीनचतुर्थांश जातींच्या अळ्यांचा मुंग्यांशी काही ना काही संबंध असतो. या अळ्या गोगलगायीसारख्या चपट्या असतात, त्यांची कातडी जाड असते आणि डोके आत ओढून घेता येते, त्यामुळे एखाददुसरी चावरी मुंगी त्यांचे फारसे बिघडवू शकत नाही. पाठीवर, शेपटीकडच्या भागात, एक ग्रंथी असते आणि तिच्यातून साखर व अमिनो आम्ले असलेला गोड थेंब बाहेर येतो. मुंगी थोपटते आणि अळी थेंब देते. कित्येक अळ्या मुंग्यांना जाणवतील अशी सूक्ष्म कंपनेही निर्माण करतात. या मोबदल्यात मुंग्या गांधीलमाश्या, परजीवी माश्या आणि कोळी यांना अळीजवळ फिरकू देत नाहीत.

गोव्यात याचे सर्वांत ठळक उदाहरण हुमल्यांचे आहे. आंब्यावर किंवा काजूवर पाने शिवून घरटी बांधणारे, चावले की डोळ्यांतून पाणी काढणारे हे लाल हुमले सर्वांच्या परिचयाचे आहेत. सेंटॉर ओकब्लू नावाच्या निळ्या-जांभळ्या फुलपाखराच्या अळ्या गोव्याचा राज्यवृक्ष असलेल्या माट्टीवर, म्हणजेच ऐनावर, या हुमल्यांच्या बंदोबस्तात वाढतात. ज्या फांदीवर हुमले फिरत आहेत तेथे पक्षी सहसा बसत नाही आणि माणूसही हात घालत नाही. सिल्व्हरलाइनच्या अळ्या बोरीसारख्या झाडांवर पाने जोडून केलेल्या आडोशात राहतात, आणि त्यांची राखण पोट वर उचलून चालणाऱ्या काळपट मुंग्या करतात.

या विषयावरील जुन्या माहितीचा एक मोठा भाग आपल्या शेजारातूनच आला आहे. टी. आर. बेल हे ब्रिटिश काळातील वनाधिकारी गोव्याच्या सीमेपलीकडील कारवारला राहत असत. तेथील रानांत अळ्या शोधून, त्या वाढवून आणि त्यांची झाडे व मुंग्या टिपून त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जे लिहिले, त्याचा आधार आजही घेतला जातो.

पेरूच्या फळात अळी सापडली. तीही फुलपाखराची असते का?

असू शकते. कॉमन ग्वाव्हा ब्लूची अळी पेरू किंवा डाळिंबाच्या फळात भोक पाडून आत वाढते. तिच्या शरीराचे मागचे टोक ढालीसारखे चपटे असते आणि त्याने ती भोकाचे तोंड बंद करून बसते. ज्या फळात आपण राहतो ते गळून पडू नये म्हणून ती फळाचा देठ रेशमी धाग्यांनी फांदीला बांधूनही ठेवते. बागायतदाराच्या दृष्टीने ही कीड आहे, आणि त्याची तक्रार रास्त आहे. पण तिचा बंदोबस्त पाहून कौतुकही वाटते.

पानफुटीवरचे लाल-काळे-पांढरे फुलपाखरू इतके सावकाश का उडते? त्याला भीती वाटत नाही का?

ते रेड पिएरो. त्याची खालची बाजू पांढरी असते, तिच्यावर काळे ठिपके असतात आणि मागच्या पंखाच्या कडेला नारिंगी-लाल रुंद पट्टा असतो. ते लपत नाही आणि घाई करत नाही. पानफुटीच्या कुळातील वनस्पतींत विषारी द्रव्ये असतात, आणि त्या खाऊन वाढणारे हे फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागत असावे असे मानले जाते. भडक रंग म्हणजे ‘मला खाऊ नका’ अशी पाटीच होय. मोठ्या फुलपाखरांत रुईवर वाढणारे बिबळ्या कडवा आणि बांडगुळावर वाढणारे हळदीकुंकू हीच रीत पाळतात, आणि तीही अशीच आरामात उडतात.

रेड पिएरोची अळी पानफुटीच्या जाड पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरून आतला गर खाते. पान बाहेरून फुगलेले आणि फिकट दिसते, आत बोगदा असतो. कुंडीतील पानफुटीची पाने अशी दिसू लागली तर तो रोग नव्हे.

तेच फुलपाखरू पावसात वेगळे आणि मार्चमध्ये वेगळे कसे दिसते?

अनेक लहान फुलपाखरांची ओल्या आणि कोरड्या ऋतूंतील रूपे वेगळी असतात. पावसाळी रूपात ठिपके आणि रेघा ठळक असतात. कोरड्या दिवसांतील रूप फिकट आणि वाळलेल्या पानात मिसळून जाणारे असते. उन्हाळ्यात झाडोरा विरळ होतो, तेव्हा न दिसणे हाच चांगला बचाव ठरतो. पुस्तकातील चित्राशी आपले फुलपाखरू जुळत नाही अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा चित्र एका ऋतूतील आणि फुलपाखरू दुसऱ्या ऋतूतील असते.

गोव्यात ही फुलपाखरे कोठे आणि केव्हा पाहावीत?

मंकी पझलसाठी घराबाहेर जाण्याचीही गरज नाही. पिटकुळीचे कुंपण, थोडी सावली आणि कीटकनाशकाचा अभाव एवढे पुरेसे आहे. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ उत्तम, कारण रात्री गारठलेले शरीर उन्हात तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही आणि तोवर ती एका जागी स्थिर बसतात. सप्टेंबरअखेरपासून डिसेंबरपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. भर पावसातही तासाभराचे ऊन पडले की ती बाहेर येतात.

अधिक जाती पाहायच्या असतील तर बोंडला, मोले, म्हादई, नेत्रावळी किंवा खोतीगाव अभयारण्याच्या वाटा धराव्यात. ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर निळ्या फुलपाखरांचे थवे बसलेले दिसतात. त्यांत बहुतेक नर असतात आणि ते ओल्या मातीतील क्षार शोषत असतात. फोंड्याजवळ प्रियोळ येथे फुलपाखरांसाठी राखलेले एक उद्यानही आहे. लहान मुलांना घेऊन जाण्यास ते सोयीचे आहे.

पिटकुळीची कोवळी पाने कुरतडलेली दिसतात. औषध फवारावे का?

फवारू नये. मंकी पझलच्या अळ्या कोवळी पाने खातात, पण पिटकुळी चिवट आहे आणि तिला पुन्हा पालवी फुटते. फवारणीने अळीबरोबर तिच्यावर पोसणारे परजीवी कीटकही मरतात. आमच्या आवारातील कुंपणाची पावसाळ्यानंतर एकदा सरसकट छाटणी झाली, आणि कोवळी पालवी येईपर्यंत तेथे एकही मंकी पझल दिसले नाही. तेव्हापासून कुंपण एका वेळी अर्धेच छाटले जाते.

ओळख पटवण्यासाठी फोटो कसा काढावा?

पंख मिटलेले असताना अगदी बाजूने, कॅमेरा पंखाच्या पृष्ठभागाला समांतर धरून. सावली फुलपाखरावर पडू देऊ नये. सावली पडली की ते उडते. पहिला फोटो दुरूनच काढून ठेवावा आणि मग एकेक पाऊल जवळ जावे. झाडाचे पान आणि फूल यांचा वेगळा फोटो घ्यावा. शक्य असल्यास पाच-दहा सेकंदांची चित्रफीत घ्यावी, कारण पंख घासण्याची हालचाल स्थिर फोटोत येत नाही आणि ती पाहिल्यावर बहुतेक शंका फिटतात.

ते पकडून बरणीत ठेवून मुलांना दाखवता येईल का?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव पकडता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूच्यांत फुलपाखरांच्याही अनेक जाती आहेत, आणि त्या बाहेरही पकडणे हा गुन्हा ठरतो. लहान फुलपाखरांची ओळख पटणे मुळातच अवघड असल्यामुळे, हातात आलेले त्या सूच्यांतले नाही याची खात्री सामान्य माणसाला देता येत नाही. मुलांना दाखवायचेच असेल तर पिटकुळीसमोर पाटावर बसवून दाखवावे. बरणीत ते ना वळते, ना शेपट्या हलवते.

पानावर माकडाच्या तोंडासारखा कोष दिसला. तो मंकी पझलचाच का?

नावामुळे हा घोटाळा नेहमी होतो. माकडाच्या तोंडासारखा दिसणारा कोष एपफ्लाय नावाच्या दुसऱ्याच लहान फुलपाखराचा असतो. त्याची अळी पाने खात नाही. ती पिठ्या ढेकूण खाते. त्यांच्याच पांढऱ्या मेणचट भुकटीने ती स्वतःला माखून घेते, आणि गोड रसासाठी पिठ्या ढेकणांची राखण करणाऱ्या मुंग्यांना तिचा सहसा पत्ता लागत नाही. जास्वंदीवर किंवा पपईवर पिठ्या ढेकूण झाले असतील तर त्यांच्यामध्ये ती शोधून पाहावी. कोष मात्र जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, आणि त्याच्यावर डोळे, नाक, गाल असे सगळे उमटलेले दिसते. पक्ष्याला त्यात माकड दिसते की नुसती पक्ष्याची विष्ठा, हे पक्ष्यालाच ठाऊक. त्या कोषातून दहाएक दिवसांत जे फुलपाखरू बाहेर येते, ते साधे तपकिरी असते आणि त्याला शेपटी नसते.